नऊचा फोन

कारागांदाच्या रक्तकेंद्रात फ्रीडा येगोरोव्हनाच्या टेबलावर करड्या रंगाचा एक तबकडीवाला फोन होता. इतर कुणाच्या टेबलावर असलं धूड नव्हतं. तो तिथे का आहे, हे नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्याच सकाळी नऊ वाजता कळायचं. फोन खणखणायचा आणि फ्रीडा उचलायची.

"जिवंत?" पलीकडून एक खरखरीत पुरुषी आवाज विचारायचा.

"जिवंत. तुम्ही?"

"अजून तरी."

मग दोन मिनिटं हवापाणी, गुडघे, कुणाच्या नातवाला दात आले, कुणाचा पडला. मग रिसीव्हर खाली आणि कामाला सुरुवात. पलीकडे हजारेक किलोमीटरवर, अल्माटीत, ओराल्बाय मुसायेविच असायचा. पाच वर्षांपूर्वी तो तिथल्या रक्तकेंद्रातून निवृत्त झाला, त्याला निरोपाचा झगा आणि घड्याळ देऊन झालं, केंद्राचा आणि त्याचा कागदोपत्री काही संबंध उरला नाही. फोन मात्र दुसऱ्या दिवशी नऊला आलाच. फक्त आता तो घरून करायचा. त्याचं घर अल्माटीच्या केंद्राच्या आवारालगतच्या पाच मजली इमारतीत होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुनी यंत्रांची खोली दिसायची.

"आपाय, या फोनला आता पेन्शन द्या," शेजारच्या टेबलावरची साउले म्हणायची. वडीलधाऱ्या बाईला आपाय आणि पुरुषाला आगाय म्हणायची तिथली रीत. साउले छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, यंत्रांच्या बाबतीत फ्रीडापेक्षा दहापट हुशार, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. "आपली यंत्रं एकमेकांना दर दहा सेकंदांनी विचारतात, जिवंत का म्हणून. तुमचे आगाय दिवसातून एकदा!"

"विचारतात गं. पण उत्तर आलं नाही तर यंत्राच्या पोटात गोळा येतो का?"

"यंत्राला पोट नसतं, आपाय."

"तेच म्हणतेय मी," फ्रीडा म्हणायची आणि दुधाचा चहा ओतायची.

केंद्राचं काम म्हणजे एक यादी. कुठल्या शहराच्या शीतपेटीत कुठल्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, त्यातली कुठली कुणासाठी राखलीय, कुठली दिली. अर्ध्या देशातली रुग्णालयं ती यादी बघून गाडी कुठे पाठवायची ते ठरवत. यादी राहायची अल्माटीत. ती चालवणारे कार्यक्रम, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम, हल्ली कुबरनेटीस नावाच्या एका मुकादम-प्रोग्रामच्या हाताखाली होते. एक कार्यक्रम मेला की हा मुकादम दुसऱ्या यंत्रावर तसाच दुसरा उभा करतो, रडत बसत नाही. पण कार्यक्रमांनी लिहून ठेवलेलं असतं ते डिस्कवर. डिस्कच गेली तर मुकादम काय करणार, कपाळ? म्हणून अल्माटीतलं डिस्कचं कपाट, जे काही बदललं असेल ते दर पाच मिनिटांनी आपणहून कारागांदाच्या कपाटाकडे धाडायचं. अल्माटी डोंगराच्या पायथ्याशी, तिथली जमीन भरवशाची नाही. कारागांदा सपाट गवताळ माळावर, तिथे वाऱ्याशिवाय काही हलत नाही.

कारागांदाची प्रत झोपलेली असायची. तिच्यात कुणाला एक अक्षर लिहिता येत नसे. अल्माटीचं बरंवाईट झालंच, तर तिला उठवून सांगायचं, बाई, आता तूच मूळ. मग इथला मुकादम इथे कार्यक्रम उभे करणार आणि यादी पुढे चालू होणार. हे सांगण्याचं बटण फ्रीडाच्या नावावर होतं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि बटण अजून एकदाही खऱ्याखुऱ्या संकटात दाबायची वेळ आली नव्हती.

पूर्वी हे सगळं म्हणजे ओराल्बाय स्वतःच होता. मुकादम तोच, तार तोच. दर बुधवारी तो अल्माटीला गाडीत बसायचा तो गुरुवारी सकाळी कारागांदाला उतरायचा, हातात प्लायवूडची सफरचंदांची पेटी. पेटीत खाली यादीची नक्कल उतरवलेल्या चुंबकी फिती, वर लालबुंद अपोर्त सफरचंदं. सफरचंदं अशासाठी, की डब्यातल्या चोराने पेटी उघडलीच तर दोन फळं घेऊन त्याने खूश व्हावं आणि खाली हात घालू नये. रात्रभर तो पेटी उशाला घेऊन झोपायचा. फिती पुसल्या जातील म्हणून डब्यातल्या विजेच्या शेगडीजवळ तिला नेत नसे, शेजाऱ्याने रेडिओ जवळ आणला तर भांडायचा. फलाटावर फ्रीडा मुलांची घसरगाडी घेऊन उभी असायची, कारण थंडीत बर्फावरून पेटी ओढायला त्याहून चांगलं वाहन नव्हतं. उणे तीस अंशांत दोघं ती घसरगाडी ओढत केंद्रापर्यंत जायची. वाटेत बोलायचं नाही, घसा गोठतो. पोचल्यावर मात्र एवढं बोलायची की चहाच्या दोन किटल्या संपायच्या.

प्रत्येक फितीवर त्याच्या अक्षरात एक चिठ्ठी असायची. हिच्यात काय आहे, ती कुणाची, कुणाच्या आधी उघडायची, कुणाच्या नंतर. सात पिढ्यांची नावं सांगता येत नाहीत तो कसला माणूस, असं त्याच्या लोकांत म्हणतात. ओराल्बाय तोच नियम फितींना लावायचा. "फीत पोचली, पण ती कुणाची ते सांगणारं कुणी नाही, तर ते अनाथ पोर झालं, फ्रीडा येगोरोव्हना. त्याला कोण घरात घेणार?" आताच्या यंत्रांतही ती चिठ्ठी आहे. कुठली डिस्क कुठल्या कार्यक्रमाची हे लिहिलेलं डिस्कच्या सोबत धाडावं लागतं, नाहीतर इथला मुकादम डिस्ककडे परक्यासारखा बघत बसतो. साउलेने हे नव्या पुस्तकात वाचून मोठ्या उत्साहाने सांगितलं तेव्हा फ्रीडा नुसतीच हसली होती.

परतताना ओराल्बायच्या पेटीत फ्रीडाने भाजलेला रीव्हेलकुखन हा जर्मन केक असायचा, वरती लोणीसाखरेचा चुरा घातलेला, तिची आजी भाजायची तसा. ओराल्बायची बायको बातीमा तो शेजारणींत वाटायची आणि म्हणायची, जर्मन बाईचा हात गोड आहे, पण मीठ विसरते. हा निरोपही पुढच्या गुरुवारी न चुकता पोचायचा.

त्याच वर्षांत इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे जर्मन पूर्वजांच्या देशी परतायला लागले. फ्रीडाचा भाऊ जर्मनीला गेला. मग बहीण गेली. गल्लीतल्या अर्ध्या घरांना कुलपं लागली, बागेतली लिलाकची झाडं कुणी पाणी न घालता फुलत राहिली. फ्रीडाचेही कागद तयार होते. भावाने पत्रावर पत्रं धाडली. तिने उत्तर लिहिलं, मी आले तर गुरुवारच्या फिती कोण घेणार? भावाने ते पत्र तिकडे सगळ्यांना वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. खरं कारण तेच होतं की आणखी काही, हे तिने स्वतःलाही कधी विचारलं नाही. मात्र ते गुरुवार तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. साठी गाठल्यावर हे मान्य करायला तिला लाज वाटत नव्हती.

स्टेशनच्या उपाहारगृहात, चहात पाव बुडवता बुडवता, दोघांनी पहिल्याच वर्षी दोन नियम केले होते. पहिला, मूळ एकच. दुसरा, मूळ ज्याच्याकडे, त्याने रोज सकाळी नऊला फोन करायचा. नक्कल ज्याच्याकडे, त्याने उचलायचा. "दोघांनी एकदम फिरवला तर दोघांनाही व्यस्त लागेल, आणि दोघंही दुसऱ्याला मेलेलं समजतील," ओराल्बाय म्हणाला होता. तेव्हापासून नऊ वाजता फ्रीडाने त्याला आपणहून कधी फोन केला नाही. अगदी त्याच्या वाढदिवसालाही ती नऊ वाजण्याची वाट बघायची, आणि त्याने केलेल्या फोनवर त्यालाच शुभेच्छा द्यायची.

तिसरा नियम नंतर आला, आणि तो महागात पडून आला.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत सलग दोन सकाळी फोन वाजला नाही. तार नाही, निरोप नाही. तिसऱ्या दिवशी फ्रीडाने ठरवलं की अल्माटीचं काहीतरी झालं. तिने शेवटच्या गुरुवारच्या फिती उघडल्या आणि इथून यादी चालवायला सुरुवात केली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि आपण फार जबाबदारीने वागतोय असं तिला वाटत होतं. अल्माटी ठणठणीत होती. तांब्याच्या चोरांनी बल्खाशच्या पुढे टेलिफोनची मैलोन्‌मैल तार कापून विकायला नेली होती, एवढंच. दोन दिवस दोन याद्या चालल्या. एका म्यानात दोन तलवारी. त्याच पिशव्या दोन्हीकडून दोघादोघांना कबूल झाल्या. खाणीत छत कोसळून जखमी झालेला रुस्तेम नावाचा कामगार रुग्णालयात आला, त्याच्यासाठी फ्रीडाच्या यादीप्रमाणे तेमिरताऊहून रक्त निघालं होतं. ते रक्त आदल्याच दिवशी अल्माटीच्या यादीप्रमाणे दुसऱ्याला देऊन झालं होतं. रुस्तेम सहा तास थांबला. जीव वाचला, पाय गेला. पुढे कित्येक वर्षं तो बाजाराच्या फाटकाशी सूर्यफुलाच्या बिया विकायचा, आणि फ्रीडा दिसली की आधी तोच नमस्कार करायचा. त्याला काही ठाऊक नव्हतं. तिला होतं.

त्या गुरुवारी ओराल्बाय आला, सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गप्प आहे म्हणजे मेला, असं नसतं, फ्रीडा येगोरोव्हना. यापुढे असं करू. मी स्वतः 'बंद केलं' म्हणेपर्यंत तुम्ही उघडायचं नाही. अल्माटी आडवी झाली तरी मी जाईन, माझ्या हाताने बंद करीन, आणि तुम्हाला फोन करीन."

"आणि तुम्हीच मेलात तर?"

"तर बातीमा करील. नंबर पाठ आहे तिला. मिठाची तक्रार करायला लागतो ना."

त्या दिवसापासून फ्रीडाने कानाला खडा लावला.

आणि मग अठ्ठावीस वर्षांनी, एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी दहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी साउलेच्या पडद्यावर अल्माटीचा चौकोन लाल झाला.

नऊचा फोन रोजच्यासारखा होऊन गेला होता. जर्दाळू फुलले, असं ओराल्बाय म्हणाला होता. पुढच्या पाचच मिनिटांत साउलेच्या मोबाइलवर नणंदेचा निरोप आला, अल्माटीत मोठा भूकंप, आम्ही रस्त्यावर आहोत. त्यानंतर तिथला एकही नंबर लागेना. सगळं शहर एकाच वेळी आपापल्या माणसांना फोन करत होतं.

राजधानी अस्तानाहून केंद्राचे प्रमुख तलगात सेरिकोविच पडद्यावर आले. "फ्रीडा येगोरोव्हना, अल्माटी गेली. बटण दाबा."

"गेली असं कोण म्हणतं?"

"लाल चौकोन म्हणतो! तुमच्याकडचं यंत्र म्हणतं, दोन्ही शहरांवर नजर ठेवणारं माझ्याकडचं पंच यंत्र म्हणतं."

"तुमचं पंच यंत्र 'माहीत नाही' म्हणतंय," साउले मधेच बोलली. "मी बघतेय ना. शिवाय भूकंप दहा एक्केचाळीसला झाला आणि अल्माटीचं कपाट सेहेचाळीसपर्यंत बोलत होतं. कपाट पडलं नसेल. तार तुटली असेल."

"नसेल, असेल! ड्यूटीवरचा माणूस कुठाय?"

तो इतरांसारखाच इमारतीबाहेर रस्त्यावर असणार, नियमच तसा. यंत्रं आत एकटीच, बॅटरीवर. आणि अल्माटीतल्या रुग्णालयांची तिथल्या केंद्राशी वेगळी तार होती, शहरातल्या शहरात. ती शाबूत असेल तर तिथले डॉक्टर या क्षणीसुद्धा त्या यादीतून जखमींसाठी पिशव्या उचलत असणार. फ्रीडाने बटण दाबलं की याद्या दोन. पुन्हा.

"तालदिकोर्गानहून फोन आलाय मला," तलगात म्हणाले. "बाळंतपणात अडलेली बाई आहे. ओ निगेटिव्ह हवंय, दोन पिशव्या. यादी बंद आहे, त्यांना कुठे पाठवू? आंधळेपणाने गाडी हाणू? ती बाई गेली तर तुमच्या नावावर जाईल, सांगून ठेवतो."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचा राग येणं सोपं असतं. पण ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. फ्रीडाचा हात टेबलावर होता, बटणापासून वीतभर अंतरावर. यादी उघडली नाही तर ती अडलेली बाई. उघडली आणि अल्माटी जिवंत असली, तर आणखी कितीतरी रुस्तेम.

"मला फोन येईल," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"ओराल्बाय मुसायेविचचा."

"तो निवृत्त म्हातारा? चौऱ्याहत्तर वर्षांचा? त्याच्या घराच्या भिंती उभ्या आहेत का ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

नव्हतं ठाऊक. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिला ठाऊक होती. बातीमा दोन हिवाळ्यांपूर्वी गेली होती. ओराल्बायचं काही झालं असलं, तर नंबर पाठ असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मग हा फोन कधीच वाजणार नव्हता, आणि ती नुसतीच बघत बसणार होती. तिने मनाशी साडेअकराची वेळ ठरवली. साडेअकराला दाबायचं. हे ठरवताना आपण नेमकं काय कबूल करतोय हे तिला कळत होतं, आणि तिला रडू यायला लागलं. तिने ते साउलेपासून लपवलं नाही.

साउलेने खुर्ची ओढली आणि फोनजवळ येऊन बसली. पेन्शनबद्दल काही बोलली नाही.

अकरा वाजून चोवीस मिनिटांनी तो खणखणला.

"फ्रीडा येगोरोव्हना," ओराल्बाय धापा टाकत होता, "अर्धा तास फिरवतोय. बोट सोललं माझं."

"तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? यंत्रांच्या खोलीत. पहारेकऱ्याने अडवलं, म्हटलं, बाळा, तुझा बाप लंगोटात होता तेव्हापासून हे कुलूप मी उघडतोय. आता ऐका. यंत्र जिवंत आहे. शहरातली रुग्णालयं धडाधड पिशव्या उचलत होती. मी आल्या आल्या बाहेरच्या सगळ्या तारा उपटल्या. आता नवीन काही आत येणार नाही. डॉक्टरांना आता यादी नाही, तेव्हा लगेच लिहायला घ्या. तुमच्याकडे शेवटचं किती वाजेपर्यंतचं पोचलंय?"

फ्रीडाने साउलेकडे बघितलं. "दहा सेहेचाळीस," साउले कुजबुजली.

"दहा सेहेचाळीस."

"म्हणजे त्यानंतरच्या एकतीस नोंदी इथे भिंतीवरच्या पडद्यावर दिसतायत. वाचतो. पिशवीचा क्रमांक, गट, कुणाला. घाई करू नका, चुकलात तर परत विचारा."

तिने पेन्सिल घेतली. वीस वर्षांत तिने हाताने यादी लिहिली नव्हती. पण पूर्वी फिती पोचल्या की असंच असायचं, तो समोर बसून आकडे वाचायचा, ती उतरवायची, मग ती परत वाचायची आणि तो "हं" म्हणायचा. त्याचं ते "हं" तसंच होतं. तोच आवाज, फक्त थोडा म्हातारा. पहिली. हं. दुसरी. हं. नववी आणि दहावी ओ निगेटिव्ह होत्या, दोन्ही अल्माटीतल्याच एका मुलाला दिलेल्या. फ्रीडा लिहिता लिहिता थबकली. झोपलेल्या प्रतीत त्या दोन पिशव्या अजून शिल्लक दिसत होत्या. तिने मघाशी बटण दाबलं असतं, तर तालदिकोर्गानची गाडी त्याच दोन पिशव्यांसाठी अल्माटीच्या वाटेला लागली असती.

"अठरावी," ओराल्बाय म्हणाला, आणि मग काहीच म्हणाला नाही. तारेतून काचा खळखळल्याचा आवाज आला, काहीतरी जड पडलं, कुणीतरी लांबून ओरडलं.

"ओराल्बाय मुसायेविच! बाहेर पडा! पुरे झालं, बाहेर पडा!"

आवाज थांबला. कुणीतरी खोकलं.

"अठरावी," तो म्हणाला. "लिहिताय ना? क्रमांक चार, चार, शून्य..."

तिने लिहिलं. एकोणिसावी, विसावी, एकतिसावी. मग तिने सगळ्या परत वाचल्या आणि त्याने एकतीस वेळा हं म्हटलं.

"आता थांबा फोनवर," तो म्हणाला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं. कपाटाच्या पंख्यांची घरघर आतापर्यंत मागे सतत चालू होती, ती थांबल्यावरच तिला कळलं की ती होती. पावलं परत आली.

"बंद केलं, फ्रीडा येगोरोव्हना."

तिने बटण दाबलं. ती काही बोलायच्या आत तार तुटली.

पुढचं सगळं साउलेचं राज्य. प्रत जागी झाली, चिठ्ठ्या जुळल्या, मुकादमाने एकेक कार्यक्रम उभा करून त्याची त्याची डिस्क त्याच्या हवाली केली. सहा मिनिटांत कारागांदातून यादी चालू. साउलेने एकतीस नोंदी टंकल्या, फ्रीडाने बोट ठेवून तपासल्या, मगच यादी रुग्णालयांसाठी उघडली. तालदिकोर्गानला ओ निगेटिव्हची एक पिशवी उश्तोबेत मिळाली, दुसरी झारकेंतला. संध्याकाळी कळलं, बाई वाचली, मुलगी झाली. तलगात सेरिकोविच पडद्यावर आले, घसा खाकरला, म्हणाले, "बरं." त्यांच्याकडून हे पुष्कळच होतं.

पण ओराल्बायचं काही कळेना. अल्माटीतून आलेल्या बातमीत एवढंच होतं की केंद्राच्या इमारतीचा दक्षिणेकडचा जिना दुपारच्या धक्क्यात खचला, आवार बंद केलंय. दुपारच्या म्हणजे नेमक्या कितीच्या, ते कुणी सांगेना. फ्रीडाने संध्याकाळभर त्याच्या घरचा नंबर फिरवला. तो व्यस्त लागत होता, सगळ्या अल्माटीचेच नंबर व्यस्त लागत होते.

दुसऱ्या दिवशी ती सात वाजताच येऊन बसली. आठपासून तिने कुणाला त्या फोनला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. तो फिरवत असेल आणि आपलाच नंबर व्यस्त लागायचा. कपाळकरंट्या एका कारकुनाने रिसीव्हर उचलला, तर त्याच्या हातावर तिने चक्क फटका मारला. रात्री तिने कुखनही भाजून आणला होता, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं. यावेळी मीठ घातलं होतं.

नऊ वाजले. फोन वाजला नाही.

नऊ पाच. नऊ दहा. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे ते दोन दिवस तिला आठवले. गप्प आहे म्हणजे मेला असं नसतं, ती स्वतःला बजावत होती, आणि त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. तिने फोनकडे बघायचं सोडून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. माळावरून वारा येत होता.

साउले शेजारच्या टेबलावर कालच्या दिवसाचा अहवाल लिहीत होती आणि तिच्या सवयीप्रमाणे मोठ्याने पुटपुटत होती. "मूळ, कारागांदा. नक्कल, अल्माटी, सध्या बंद. दिशा उलटी केली. आपाय, असंच लिहू ना, आजपासून मूळ आपल्याकडे?"

फ्रीडाने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"मूळ आपल्याकडे."

फ्रीडाने रिसीव्हर उचलला. तबकडी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट फिरली. पलीकडे एक घंटासुद्धा पुरी वाजली नाही.

"नऊ वाजून सतरा मिनिटं," ओराल्बाय म्हणाला. "मूळ कालपासून तुमच्याकडे गेलंय, फ्रीडा येगोरोव्हना. फोन तुम्ही करायचा. मी सकाळपासून इथे कुणाला हात लावू देत नाहीये याला. लेकीला आपल्या नवऱ्याशी बोलायचं होतं, तिलाही नाही."

फ्रीडाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. साउलेने उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हॅलो? विचारा की आता."

"जिवंत?" फ्रीडाने विचारलं.

"जिवंत," तो म्हणाला. "तुम्ही?"

"अजून तरी," ती म्हणाली.